नवव्या स्तरावरची नॉर्दर्न लीग

‘एफए व्हाज’ हा इंग्लंडमधल्या छोट्या फुटबॉल क्लबांचा राष्ट्रीय चषक. २००९ ते २०१७ या नऊ वर्षांत तो आठ वेळा एकाच लीगच्या क्लबांनी जिंकला. व्हिटली बेने लागोपाठ तीनदा, मग डन्स्टन यूटीएस, स्पेनीमूर टाउन, नॉर्थ शील्ड्स, मॉर्पेथ टाउन आणि साउथ शील्ड्स. राहिलेल्या एका वर्षी, म्हणजे २०१४ मध्ये, दक्षिणेतल्या शोलिंगने चषक नेला. पण त्या वर्षी अंतिम सामन्यात हरलेला वेस्ट ऑकलंड टाउनही याच लीगमधला होता. देशभरातले पाचशेच्या आसपास क्लब या स्पर्धेत उतरतात आणि अंतिम सामना लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर होतो. असं असताना ईशान्य इंग्लंडच्या एका कोपऱ्यातली, मोटारीने तासा-दीड तासाच्या टप्प्यातली ही गावं जवळजवळ दर वर्षी चषक घरी नेत होती.

ही लीग म्हणजे नॉर्दर्न लीग. १८८९ मध्ये ती सुरू झाली. जगातल्या आज चालू असलेल्या फुटबॉल लीगमध्ये तिच्याहून जुनी एकच आहे, १८८८ ची इंग्लिश फुटबॉल लीग. इतकी जुनी, इतके चषक जिंकणारी लीग इंग्लिश फुटबॉलच्या क्रमवारीत मात्र नवव्या आणि दहाव्या स्तरावर आहे. हे कोडं सोडवताना इंग्लंडमधला खालच्या स्तराचा फुटबॉल कसा चालतो, त्याचे नियम, त्याचे पैसे, त्याची गावं, सगळंच समजत जातं. म्हणून ही लीग मला फार मोलाची वाटते.

आधी ही रचना पाहू. सर्वांत वर प्रीमियर लीग, वीस क्लबांची. तिच्याखाली फुटबॉल लीगचे तीन गट, प्रत्येकी चोवीस क्लबांचे. हे झाले ९२ क्लब आणि पहिले चार स्तर. आपल्याकडे टीव्हीवर दिसणारं इंग्लिश फुटबॉल इथेच संपतं. पाचव्या स्तरापासून जो प्रदेश सुरू होतो त्याला तिथे सरसकट ‘नॉन-लीग’ म्हणतात. तिथल्या स्तरांना फुटबॉल असोसिएशनने, म्हणजे एफएने, वेगळे क्रमांक दिले आहेत. पाचवा स्तर म्हणजे पायरी एक, सहावा म्हणजे पायरी दोन, असं. पायरी एकवर एकच गट असतो, सगळ्या देशाचा. पायरी दोनवर उत्तर आणि दक्षिण असे दोन होतात. तीनवर चार, चारवर आठ. जसजसं खाली यावं तसतसे गट वाढत जातात आणि प्रत्येक गटाचा भूगोल आक्रसत जातो. वर निमुळती आणि खाली पसरट अशी ही उतरंड आहे. तिच्यात पायरी पाच आणि सहावर, म्हणजे एकूण नवव्या-दहाव्या स्तरावर, नॉर्दर्न लीगचे दोन विभाग बसतात. तिच्याखाली वेअरसाइड लीग, नॉर्दर्न अलायन्स, नॉर्थ रायडिंग लीग अशा आणखी लहान लीग आहेत आणि वर नॉर्दर्न प्रीमियर लीग.

नियम साधा. जिंकलात तर एक पायरी वर, तळाला राहिलात तर एक पायरी खाली. कागदावर तरी एखाद्या खाणगावातला क्लब दर वर्षी जिंकत जिंकत प्रीमियर लीगपर्यंत जाऊ शकतो. इंग्लिश लोक या शक्यतेवर मनापासून प्रेम करतात, आणि ते योग्यच आहे. पण नॉर्दर्न लीगमधल्या अनेक क्लबांनी वर्षानुवर्षं ही संधी समोर येऊनही घेतली नाही. लीग जिंकायची, चषक उचलायचा आणि वर जायला नम्रपणे नकार द्यायचा.

का, ते समजायला नकाशा लागतो. नॉर्दर्न लीगचे बहुतेक क्लब डरहम परगणा, टाइन आणि वेअर नद्यांचा परिसर, नॉर्थम्बरलँड आणि टीस नदीकाठी आहेत. पश्चिमेला पेनाइन डोंगर ओलांडला की कंब्रियातलं पेनरिथसारखं एखादं ठिकाण. लीगमधला बराचसा प्रवास तासाभराचा. आता वरची पायरी पाहा. नॉर्दर्न प्रीमियर लीगचा पसारा लँकेशायर, यॉर्कशायरपासून खाली मिडलंड्सपर्यंत. डरहमच्या क्लबाने बढती घेतली की लँकेस्टर, क्लिथेरो, नाहीतर लिंकनशायरच्या किनाऱ्यावरचं क्लीथॉर्प्स अशा गावांना जायचं. एका दिशेने दीडशे ते अडीचशे किलोमीटर. शनिवारी दुपारी तीनच्या सामन्यासाठी हे एक वेळ जमेल. पण मोसमातले कितीतरी सामने मंगळवारी किंवा बुधवारी रात्री पावणेआठला सुरू होतात. खेळाडू कुणी इलेक्ट्रिशियन, कुणी शिक्षक, कुणी गोदामात कामाला. त्यांना दुपारी दोन-तीन वाजता कामावरून निघावं लागतं. म्हणजे अर्ध्या दिवसाची मजुरी गेली. मध्यरात्रीनंतर घरी पोचायचं आणि सकाळी पुन्हा कामावर हजर. क्लबाला प्रत्येक वेळी बस ठरवावी लागते, खेळाडूंचा खर्च वाढवून द्यावा लागतो. आणि गावातल्या शेजाऱ्याशी सामना असला की दारावर जी गर्दी व्हायची, ती दूरच्या अनोळखी संघाशी सामना असताना होत नाही. खर्च वाढतो आणि उत्पन्न घटतं.

१९९६ ते २०१६ अशी वीस वर्षं लीगचे अध्यक्ष असलेले पत्रकार माइक एमॉस यांनी ‘नॉर्दर्न इको’ या दैनिकातून हा हिशेब पुन्हा पुन्हा मांडला. वर गेलेल्या क्लबांची नंतर काय अवस्था झाली, हे इथल्या प्रत्येक समितीने पाहिलेलं होतं. डरहम सिटीचं उदाहरण तर कुणीही देईल. २००८ मध्ये ते वर गेले, २००९ मध्ये तिथला गटही जिंकला. मग कळलं की मैदान कृत्रिम गवताचं असल्यामुळे उतरंडीच्या पुढच्या पायऱ्या बंद आहेत. प्रायोजकाने हात काढून घेतला, पगारी खेळाडू गेले. पुढच्या मोसमात पोरसवदा संघ घेऊन क्लब जवळजवळ प्रत्येक सामना हरला, आणि काही वर्षांत पुन्हा नॉर्दर्न लीगमध्ये आला. अशी एक गोष्ट डोळ्यांसमोर असली की गावातल्या सात-आठ जणांची समिती बढतीच्या फॉर्मवर सही करताना थबकणारच. मी या समित्यांच्या बाजूने आहे. महत्त्वाकांक्षा नाही म्हणून त्यांना हिणवणाऱ्यांनी मंगळवारी रात्री क्लिथेरोहून परतणाऱ्या बसचं बिल एकदा भरावं.

आता चषकांचा उलगडा होतो. एफए व्हाज ही फक्त पायरी पाच आणि सहाच्या आसपासच्या क्लबांची स्पर्धा. देशाच्या इतर भागांत चांगला क्लब लवकर वर सरकतो आणि व्हाजमधून बाहेर पडतो. ईशान्येत चांगले क्लब एकाच पायरीवर साचत गेले. त्यांची ताकद दोन पायऱ्या वरची होती आणि ते मुद्दाम इथे राहिले होते. रोज एकमेकांशीच झुंजल्यामुळे ते आणखी कणखर झाले. वेम्बलीवर जाणाऱ्या व्हिटली बेला घरच्या लीगमध्ये जितकी झुंज द्यावी लागायची तितकी अंतिम सामन्यातही लागत नसे. २०१० ची अंतिम फेरी त्यांनी रॉक्सहॅमविरुद्ध ६-१ अशी जिंकली. पॉल चाउचा पहिला गोल तर सुरुवातीच्या शिट्टीनंतर अवघ्या एकविसाव्या सेकंदाला.

पण हे वर न जाण्याचं वळण आजकालचं नाही. त्याची मुळं ‘हौशी’ या गोष्टीला इंग्लंडमध्ये किती महत्त्व होतं त्यात आहेत.

१८८५ मध्ये एफएने पैसे घेऊन खेळायला परवानगी दिली. त्यानंतर इंग्लिश फुटबॉलमध्ये दोन जाती झाल्या. व्यावसायिक खेळाडू मजुरी घेणार, हौशी खेळाडू फक्त प्रवासखर्च. नोंदणी वेगळी, काही स्पर्धा वेगळ्या, सामाजिक मानही वेगळा. नॉर्दर्न लीगच्या सुरुवातीच्या वर्षांत दोन्ही प्रकारचे क्लब होते. आजचं न्यूकॅसल युनायटेड ज्यातून उभं राहिलं ते न्यूकॅसल ईस्ट एंड आणि त्यांचे प्रतिस्पर्धी वेस्ट एंड, दोघेही इथे खेळले. मिडल्सब्रो खेळलं, शेफील्ड युनायटेडही काही काळ खेळलं. मोठे क्लब एकेक करून व्यावसायिक लीगकडे गेले आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नॉर्दर्न लीग पूर्णपणे हौशी झाली. दक्षिणेत हौशी फुटबॉल म्हणजे कारकून, शिक्षक, विद्यापीठातली मुलं. इथे हौशी फुटबॉल म्हणजे कोळशाच्या खाणीत आठवडाभर राबणारे लोक. हा फरक फार मोठा होता.

हौशी क्लबांसाठी १८९३-९४ पासून एफए अमॅच्युअर कप होता. तो सर्वाधिक म्हणजे दहा वेळा जिंकणारा क्लब बिशप ऑकलंड, याच लीगचा. १९५५, १९५६ आणि १९५७ अशी लागोपाठ तीन वर्षं त्यांनी तो घेतला. त्यांच्या गडद आणि फिक्या निळ्या रंगाची गंमत अशी की तो ऑक्सफर्ड आणि केंब्रिजकडून आला. तिथून ऑकलंडमधल्या बिशपच्या वाड्यात धर्मशास्त्र शिकायला येणाऱ्या तरुणांनी गावात फुटबॉल रुजवला. खाणकामगारांच्या मुलांनी पुढे तोच रंग अंगावर घातला.

१९५४ चा अमॅच्युअर कपचा अंतिम सामना मला या सगळ्या इतिहासातला सर्वांत मोठा वाटतो. एका बाजूला बिशप ऑकलंड, दुसऱ्या बाजूला क्रुक टाउन. दोन्ही गावं एकमेकांपासून आठ-दहा किलोमीटरवर. सामना लंडनमध्ये, वेम्बलीवर. प्रेक्षक एक लाख. डरहमच्या खाणगावांतून आगगाड्या भरभरून लोक आले. २-२ बरोबरी. पुनर्सामना न्यूकॅसलच्या सेंट जेम्सेस पार्कवर, पुन्हा २-२. मग मिडल्सब्रोच्या एअर्सम पार्कवर तिसरा सामना, आणि तिथे क्रुकने १-० ने चषक घेतला. दोन शेजारी हौशी क्लबांनी तीन मोठ्या मैदानांवर मिळून दीड लाखाहून अधिक प्रेक्षक जमवले. आज नॉर्दर्न लीगच्या सामन्याला काहीशे माणसं येतात. तरी ‘छोटी लीग’ हे शब्द वापरताना माझी जीभ जरा अडखळते ती यामुळे.

१९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ब्रिटनच्या संघात बिशप ऑकलंडचा बॉब हार्डिस्टी होता. ऑलिंपिकमध्ये तेव्हा हौशी खेळाडूंनाच परवानगी होती, त्यामुळे ब्रिटनचा संघ अशाच क्लबांमधून निवडला जाई. त्याच स्पर्धेत स्वतंत्र भारताचा संघ पहिल्यांदा ऑलिंपिक फुटबॉल खेळला, बहुतेक जण अनवाणी. फ्रान्सविरुद्धचा तो सामना झाला लंडनच्या इलफर्ड भागात. आपल्या फुटबॉलचा इंग्लंडच्या या हौशी जगाशी असा थेट धागा आहे.

हार्डिस्टीचं नाव आणखी एका प्रसंगामुळे राहिलं. फेब्रुवारी १९५८ मध्ये म्युनिकला मँचेस्टर युनायटेडच्या संघाचं विमान कोसळलं आणि आठ खेळाडू गेले. क्लबाला उरलेला मोसम खेळायचा होता आणि माणसंच नव्हती. तेव्हा बिशप ऑकलंडने आपले तीन खेळाडू, बॉब हार्डिस्टी, डेरेक ल्युइन आणि वॉरन ब्रॅडली, मदतीला पाठवले. त्यातला ब्रॅडली पेशाने शिक्षक. तो युनायटेडच्या मुख्य संघात टिकला आणि १९५९ मध्ये इंग्लंडच्या राष्ट्रीय संघाकडूनही तीन सामने खेळला.

मात्र ‘हौशी’ या नियमामागे बरंच ढोंग होतं, आणि ते सांगितल्याशिवाय चित्र पुरं होत नाही. खाणकामगाराने शनिवारची पाळी सोडून सामना खेळला तर त्याची मजुरी बुडणार. क्लबांकडे गेटचे पैसे जमत. मग सामन्यानंतर खेळाडू अंघोळ करून आला की त्याच्या बुटात काही नोटा ठेवलेल्या असत. सगळ्यांना ठाऊक, कुणी बोलायचं नाही. १९२० च्या दशकाअखेर क्रुक टाउनच्या हिशेबांवरून प्रकरण पेटलं आणि चौकशीनंतर डरहम परगण्यातल्या तीनशेहून अधिक खेळाडूंवर बंदी आली. मला यात खेळाडूंचा दोष फारसा दिसत नाही. ज्याचं घर खाणीतल्या रोजावर चालतं त्याने फुकट खेळावं, असा नियम ज्यांचं पोट भरलेलं आहे तेच लिहू शकतात. शेवटी १९७४ मध्ये एफएने हौशी आणि व्यावसायिक हा भेदच काढून टाकला. सगळे फक्त ‘खेळाडू’ झाले. अमॅच्युअर कप बंद पडला आणि त्याच वर्षी सुरू झालेल्या मोसमात एफए व्हाज आला. आज या लीगमध्ये काही क्लब आठवड्याला थोडे पैसे देतात, काही फक्त पेट्रोलचा खर्च, काही तेवढंही नाही. कायद्याने ‘हौशी’ अशी वेगळी वर्गवारी आता नाही, पण खेळावर पोट भरणारा इथे कुणी नाही, या अर्थाने लीग हौशीच राहिली.

कोळशाचा विषय निघाला आहे तर मैदानांबद्दलही सांगायला हवं, कारण ही मैदानं कुठून आली ते कळलं की क्लबांची नावं उमगतात. १९२० च्या खाण उद्योग कायद्याने खाणमालकांना प्रत्येक टन कोळशामागे एक पेनी कामगार कल्याण निधीत भरावी लागे. त्या पेनी-पेनीतून खाणगावांमध्ये सभागृहं, वाचनालयं आणि खेळाची मैदानं झाली. म्हणून इतक्या क्लबांच्या नावात किंवा मैदानाच्या नावात ‘कोलियरी वेल्फेअर’ असतं. बेडलिंग्टन टेरियर्सचं मैदान डॉक्टर पिट वेल्फेअर पार्क, खाणीवरूनच नाव. शिल्डन हे रेल्वेचं गाव, १८२५ च्या त्या प्रसिद्ध स्टॉकटन-डार्लिंग्टन रेल्वेशी जोडलेलं, म्हणून शिल्डनच्या संघाला ‘रेल्वेमेन’ म्हणतात. बिलिंगहॅम सिंथोनियाचं नाव तर खतावरून पडलेलं. तिथल्या मोठ्या रसायन कारखान्यात कृत्रिम अमोनियापासून जे खत बनायचं त्याचं ते नाव. खाणी एकामागून एक बंद होत गेल्या. ईझिंग्टन १९९३ मध्ये, आणि त्याच वर्षाअखेर वेअरमाउथ, डरहमच्या कोळसाक्षेत्रातली शेवटची मोठी खाण. वेअरमाउथच्या जागेवर आज संडरलंडचं स्टेडियम ऑफ लाइट उभं आहे. गावांतली दुकानं गेली, चर्च ओस पडली, पण क्लब टिकले. शनिवारी दुपारी तीन वाजता गाव एकत्र येतं अशी जागा बऱ्याच ठिकाणी आता तेवढीच उरली आहे.

या गावांची माणसं किती दूर पोचली हे पाहिलं की थक्क व्हायला होतं. १९०९ मध्ये चहाचे व्यापारी सर टॉमस लिप्टन यांनी इटलीत, ट्युरिनला एक आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरवली. इंग्लंडच्या एफएने संघ पाठवायला नकार दिला. मग गेलं कोण, तर वेस्ट ऑकलंड, खाणकामगारांचा संघ. काहींनी तर घरातल्या वस्तू गहाण टाकून प्रवासाचे पैसे उभे केले, असं सांगतात. त्यांनीच का जावं याबद्दल गावात एक आख्यायिका आहे की ‘डब्ल्यू. ए.’ या आद्याक्षरांवरून वूलिच आर्सनलला द्यायचं निमंत्रण चुकून वेस्ट ऑकलंडला आलं. ही आख्यायिकाच म्हणायची. स्पर्धेतले निकाल मात्र नोंदलेले आहेत. स्टुटगार्टच्या संघावर २-० आणि अंतिम सामन्यात स्वित्झर्लंडच्या विंटरथुरवर २-०. १९११ मध्ये ते पुन्हा गेले आणि अंतिम सामन्यात युव्हेंटसला ६-१ ने हरवून चषक कायमचा घरी आणला. पण या प्रवासाने क्लब कर्जात बुडाला. चषक गावातल्या हॉटेलच्या मालकिणीकडे ४० पौंडांना गहाण पडला आणि १९६० मध्ये १०० पौंड देऊन सोडवला. १९९४ मध्ये तो चोरीला गेला, अजून सापडलेला नाही. आज क्लबाकडे आहे ती त्याची प्रतिकृती.

१९०९ च्या त्या संघात पाहुणा म्हणून गेलेला एक खेळाडू होता जॅक ग्रीनवेल, क्रुक टाउनचा, मूळचा खाणीतला. पुढे तो बार्सिलोनाकडून खेळला आणि १९१७ पासून सहा वर्षं त्याच क्लबाचा प्रशिक्षक होता. १९३९ मध्ये त्याच्या मार्गदर्शनाखाली पेरूने दक्षिण अमेरिकेची स्पर्धा जिंकली. क्रुकचा संघ त्याच्यामुळे बार्सिलोनाला जाऊन सामने खेळून आला. डरहमच्या एका खाणगावाचं नाव कातालोनियात आजही काही लोक आदराने घेतात, ते एका कामगारामुळे.

समुद्रसपाटीपासून तीनशे मीटर उंचीवरच्या, वाऱ्याने झोडपलेल्या टो लॉ गावाने १९६७ मध्ये एफए कपमध्ये, म्हणजे लहान-मोठे क्लब एकत्र खेळतात त्या बाद पद्धतीच्या स्पर्धेत, मॅन्सफील्डसारख्या व्यावसायिक क्लबाला ५-१ ने धुतलं. १९८० मध्ये याच टो लॉमधून, मसाल्याच्या कारखान्यात काम करणारा क्रिस वॉडल न्यूकॅसल युनायटेडला अवघ्या हजार पौंडांना गेला. नऊ वर्षांनी फ्रान्सच्या मार्सेल क्लबाने त्याच्यासाठी साडेचार दशलक्ष पौंड मोजले.

आणि १९७८. तेव्हाचा नॉर्दर्न लीगचा क्लब ब्लाइथ स्पार्टन्स एफए कपच्या पाचव्या फेरीत पोचला. चौथ्या फेरीत त्यांनी स्टोक सिटीला त्यांच्याच मैदानावर ३-२ ने हरवलं. पाचव्या फेरीत रेक्सहॅमविरुद्ध ते १-० ने पुढे होते, सामना संपत आलेला. रेक्सहॅमचा कॉर्नर. चेंडू मारताना कडकडीत गोठलेल्या जमिनीत रोवलेला कोपऱ्याचा झेंडा पडला, म्हणून रेफरीने कॉर्नर पुन्हा घ्यायला लावला, आणि त्यातूनच बरोबरीचा गोल झाला. पुनर्सामना सेंट जेम्सेस पार्कवर ४२ हजारांहून अधिक प्रेक्षकांसमोर झाला आणि ब्लाइथ २-१ ने हरले. ईशान्येत त्या झेंड्याची गोष्ट लहान मुलांनाही माहीत असते.

म्हणजे १९७० च्या दशकात या लीगची पत मोठी होती. मग ती नवव्या स्तरावर कशी आली? १९७९ मध्ये व्यावसायिक लीगच्या खाली अलायन्स प्रीमियर लीग उभी राहिली आणि हळूहळू सगळ्या देशाची उतरंड बांधली जाऊ लागली. नॉर्दर्न लीगने त्यात सामील व्हायला नकार दिला. आपण स्वतंत्र, आपली परंपरा जुनी, आपल्याला दुसऱ्या कुणाची खालची लीग व्हायचं नाही, असा विचार. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ती आत आली तोवर वरच्या जागा भरल्या होत्या. दरम्यान बिशप ऑकलंड, स्पेनीमूर युनायटेड, नंतर ब्लाइथ, व्हिटबी असे नावाजलेले क्लब बाहेर पडून वर गेले. मला हा निर्णय चुकीचा वाटतो. क्लबाने आपल्या खिशाकडे पाहून वर न जाणं वेगळं आणि अख्ख्या लीगने दार लावून घेणं वेगळं. पहिल्यात शहाणपण होतं. दुसऱ्याने लीगचं स्थान कायमचं खाली गेलं आणि लांबच्या प्रवासाचा प्रश्नही सुटला नाही.

आता ही परिस्थिती बदलते आहे. साउथ शील्ड्सने वाट मोकळी केली. २०१३ ते २०१५ या काळात या क्लबाला स्वतःच्या गावात मैदान नव्हतं, तीसेक किलोमीटर दूर पीटरलीला खेळावं लागे. नव्या मालकाने जुनं मैदान परत मिळवलं. संडरलंडकडून प्रीमियर लीग खेळलेला अर्जेंटिनाचा ज्युलिओ आर्का कर्णधार म्हणून आला आणि २०१६-१७ च्या एकाच मोसमात क्लबाने व्हाजसकट चार चषक घेतले. त्यानंतरही ते वर जात राहिले. त्यांच्या आधी स्पेनीमूर गेलं होतं. पुढे दोन्ही क्लब नॅशनल लीग नॉर्थपर्यंत, म्हणजे सहाव्या स्तरापर्यंत पोचले. हे पाहून इतरांचा धीर वाढला. २०२१ मध्ये एफएने चौथ्या पायरीची फेरमांडणी केली, गटांचा भूगोल लहान केला आणि ईशान्येतल्या क्लबांना शेजारी सोबत घेऊन वर जाता येऊ लागलं. नकार देण्याची वाटही एफएने जवळजवळ बंद केली. विजेत्याने वर जायचंच, अट एवढीच की मैदान त्या पायरीला साजेसं हवं.

२०१८ ते २०२५ या आठ वर्षांत नॉर्दर्न लीगकडे व्हाज एकदाच आला. ते २०२० चं वर्ष, आणि तेव्हाही दोन्ही संघ इथलेच. हेबर्न टाउनने कॉन्सेटला ३-२ ने हरवलं, कोविडमुळे २०२१ च्या मे महिन्यात, रिकाम्या वेम्बलीवर. शंभर वर्षांहून जुन्या दोन शेजाऱ्यांची वेम्बलीवरची भेट, आणि गावातलं कुणी पाहायला नाही, याचं वाईट वाटतं. पण बाकी वर्षांतली चषकांचा ओघ कमी झाला ते एका अर्थी ठीकच. मजबूत संघ आता खाली साचून राहत नाहीत.

आता खरी परीक्षा मैदानाची असते. प्रत्येक पायरीला फ्लडलाइट, मैदानाभोवतीचं रेलिंग, छपराखालची आसनं, कपडे बदलायच्या खोल्या, रेफरींची वेगळी खोली, गेटवरची फिरती दारं यांची यादी ठरलेली असते. एफएचे तपासनीस येऊन पाहून जातात. मार्चअखेरच्या मुदतीत काम पुरं नसेल तर गट जिंकूनही बढती अडू शकते. छप्पर कोण घालतं? बहुतेक ठिकाणी क्लबाचेच लोक, शनिवार-रविवारी, कुणाच्या तरी व्हॅनमधून आणलेल्या सामानाने. खर्चाला कधी फुटबॉलच्या अनुदान संस्थांची मदत, कधी सोशल क्लबच्या बारचा गल्ला, कधी सोडती. लीगला बरीच वर्षं ‘एबॅक’चं प्रायोजकत्व लाभलं. हा न्यूटन एक्लिफचा, हवेतला दमटपणा शोषणारी यंत्रं बनवणारा कारखाना, म्हणजे तोही इथलाच. क्लबाचा सेक्रेटरी हा या सगळ्याचा कणा. नोंदणी, सामन्यांच्या तारखा, रेफरीचं मानधन, धुण्याला टाकायचे कपडे, पाऊस पडला तर सकाळी नऊ वाजता मैदान खेळण्याजोगं आहे का हे पाहणं, सगळं तोच करतो, आणि एक पैसाही न घेता.

डरहम किंवा न्यूकॅसलला शिकायला, नोकरीला असलेल्या मराठी मंडळींनी एकदा तरी जावं असं फार वाटतं. ऑगस्टमध्ये गेलात तर एफए कपची अगदी पहिली, अतिरिक्त प्राथमिक फेरी पाहायला मिळते. वरच्या विभागातले क्लब त्यात उतरतात. ज्या स्पर्धेच्या शेवटी मँचेस्टर सिटी, आर्सनल वेम्बलीवर येतात, तीच स्पर्धा शिल्डनच्या डीन स्ट्रीटवर किंवा क्रुकच्या मिलफील्डवर सुरू होते. तिकीट आधी काढावं लागत नाही, दारावर पैसे द्यायचे. आत गेल्यावर छापील कार्यक्रमपत्रिका घ्या, चहाच्या खिडकीवर सारण भरलेला ‘पाय’ (pie) आणि मटार मिळतात. कुठेही उभं राहता येतं. आपला संघ ज्या गोलकडे हल्ला करतोय त्या गोलमागे लोक उभे राहतात आणि मध्यंतराला सगळे मैदानाला वळसा घालून दुसऱ्या टोकाला जातात. त्यांच्यासोबत चालत जा. बोलायला लाजू नका. कोणता क्लब वर गेला, कुणी कधी नकार दिला, १९५४ साली कोणाचे आजोबा कोणत्या आगगाडीने वेम्बलीला गेले होते, हे सगळं तिथेच ऐकायला मिळतं.